फक्त एकदा, की नेहमी

आमच्या घरात फोन एकच होता, पण त्यात ब्राउझर दोन होते. एक फोनसोबतच आलेला, तो यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. दुसरा मुलीनं मागाहून टाकून दिलेला, तो माझा. मुलगी नागपूरला नोकरीला. दोन दिवस सौंसरला राहायला आली तेव्हा जुन्या ब्राउझरच्या जाहिराती पाहून वैतागली, म्हणाली, आई, हा काढून टाक, कचरा आहे नुसता. मी लगेच तयार झाले. हे मात्र अडून बसले. त्यांच्या ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी दिसायची आणि उघडल्या उघडल्या कापसाचे न् संत्र्याचे भाव यायचे. आमची गुंठाभरही जमीन नाही. तरी त्यांना रोज भाव लागायचे.

शेवटी दोन्ही राहिले. मला माझ्या ब्राउझरचा अभिमान होता. पान झटकन उघडायचं, जाहिराती कमी, आणि मुलीनं त्याची भाषा मराठी करून दिली होती. यांच्या ब्राउझरवर 'तुमचा फोन गरम झाला आहे, ताबडतोब साफ करा' असं काहीबाही यायचं आणि हे ते शेवटपर्यंत वाचायचे. मी रागवायचे. लिहिलेलं सगळं खरं नसतं, हे मी चौथीच्या पोरांना शिकवलं, पण घरातल्या माणसाला शिकवू शकले नाही.

यांची सगळी नोकरी विजेचे मीटर वाचण्यात गेली. सौंसर, लोधीखेडा आणि आजूबाजूची खेडी, आधी सायकलवर, मग मोपेडवर. त्यामुळे समोर येईल ते वाचायचं, ही सवयच लागलेली. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरंसुद्धा सोडायचे नाहीत. ब्राउझरमध्ये उघडलेलं पान बंद करायचं असतं, हे त्यांना कधी पटलं नाही. पान उघडं राहिलं म्हणजे ते आपल्याजवळ राहिलं, असं त्यांचं म्हणणं. अशी किती पानं उघडी आहेत त्याचा आकडा वरच्या कोपऱ्यात एका छोट्या चौकटीत दिसतो. रोज सकाळी चहा पिताना ते तो आकडा मोठ्यानं वाचायचे. "आजचं रीडिंग सत्तावन्न," म्हणायचे. मी म्हणायचे, बिल कोण भरणार? आमचा हा रोजचाच विनोद होता.

दिवाळीनंतर त्यांचे डोळे पिवळे झाले. सौंसरच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथे तपासण्या झाल्या, आणि एका दुपारी डॉक्टरांनी मला आणि मुलीला बाहेर बोलावलं. पित्ताशयात गाठ होती आणि ती यकृतात पसरली होती. ऑपरेशनचा उपयोग नाही, पाच-सहा महिने धरून चला, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिनं आधी ठरवलं की मी आधी, ते आता आठवत नाही, पण यांना सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी तिथल्या तिथे ठरवलं. पित्ताचे खडे आहेत, औषधानं विरघळतील, असं त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. वाचायची एवढी हौस असलेल्या माणसानं रिपोर्ट मागितला नाही, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं.

कागदाचा रिपोर्ट मुलीनं स्वतःजवळ ठेवून घेतला. पण तोच रिपोर्ट फोनवरही आला, मेसेजमधून. आम्ही बसस्टँडवर होतो. हे मोसंबीचा रस घेणाऱ्या लोकांकडे बघत बाकावर बसले होते, फोन माझ्या हातात. मी मेसेजमधल्या निळ्या ओळीवर बोट ठेवलं, तर फोननं विचारलं, कशानं उघडायचं? खाली दोन्ही ब्राउझरची चित्रं होती आणि त्यांच्या खाली 'फक्त एकदा' आणि 'नेहमी'. तेवढ्यात सौंसरची गाडी लागली, माणसं धावली. मी घाईनं काहीतरी दाबलं. रिपोर्ट उघडला. इंग्रजीतले दोन शब्द मला कळले, तेवढे पुरे झाले. मी फोन बंद केला. घरी आल्यावर मेसेज पुसून टाकला आणि सुटले, असं समजले.

मी यांच्या ब्राउझरचं चित्र दाबलं होतं. आणि 'नेहमी'.

हे मला चार महिने कळलं नाही. त्या चार महिन्यांत मी चोरासारखी वागले. हे अंघोळीला गेले की मी माझ्या ब्राउझरमध्ये जायचे आणि विचारायचे, अशा रोग्यानं काय खावं, दुखणं वाढलं तर काय करावं, किती दिवस. वाचून झालं की पान बंद, इतिहास साफ. इतिहास पुसायला मी इतक्या पटकन शिकले की मुलीलाही नवल वाटलं. यांचा ब्राउझर वेगळा, म्हणून मी निश्चिंत होते. एकाच्या पेटीतलं दुसऱ्याच्या पेटीत दिसत नाही, एवढं मला मुलीनं समजावून सांगितलं होतं.

शेजारीण जामसांवलीच्या मारुतीला जाऊन नवस बोलून आली. आम्ही बौद्ध, आमच्या घरात नवस चालत नाही, पण तिला कोण दुखावणार? हे तिला म्हणाले, खड्यांसाठी कशाला देवाला त्रास देता? ती माझ्याकडे बघायला लागली. मी चहा टाकायला आत गेले.

रीडिंग वाचणं मात्र त्यांनी सोडलं होतं. नागपूरहून आल्यावर एकदाच, अगदी पहिल्या आठवड्यात, ते म्हणाले होते, "रीडिंग एकनं जास्त येऊन राहिलं वं." मी म्हटलं, चुकून उघडलं असेल काहीतरी. ते म्हणाले, असन. त्यानंतर आकड्याची गोष्ट घरात निघाली नाही. मला वाटलं, आजारपणानं माणसाची हौस जाते.

मार्चच्या सुरुवातीला पुन्हा तपासणी झाली आणि पुन्हा मेसेज आला. हे ओसरीत खाटेवर झोपले होते, दुपारची वेळ. मी निळी ओळ दाबली. या वेळी फोननं काहीच विचारलं नाही. सरळ यांचा ब्राउझर उघडला, मोठी मोठी अक्षरं, आणि त्यात रिपोर्ट. मी कोपऱ्यातली चौकट दाबली. उघड्या पानांची रांग लागली. भाव, हवामान, पंचायतीची निवडणूक, आणि खालच्या बाजूला कुठेतरी नोव्हेंबरचा रिपोर्ट. तसाच उघडा.

तो पुसावा म्हणून मी इतिहास उघडला. पुसायचं राहूनच गेलं.

आधी एक इंग्रजी शब्द होता, रिपोर्टमधला, एकेक अक्षर बघून लिहिलेला. पहिल्या वेळी चुकलेला, दुसऱ्या वेळी बरोबर. 'पसरलेला' असा त्याचा अर्थ. तारीख आम्ही नागपूरहून आलो त्या आठवड्यातली. नंतर पुष्कळ दिवस फक्त भाव. मग जानेवारीतली एक ओळ.

'मी मरून राहिलो हे बायकोले कसं सांगावं'

आमच्याकडे 'मरून राहिलो' म्हणजे मरतो आहे, अजून मरायचा आहे. पंढुर्णा-सौंसरचं पोरगंही यात चुकणार नाही. ब्राउझरला ते कुठून कळावं? त्यानं 'मरण' आणि 'बायको' एवढंच धरलं असावं. त्या ओळीनंतर यांनी उघडलेली पानं होती, पतीच्या निधनानंतर पत्नीचे सांत्वन, भावपूर्ण श्रद्धांजली संदेश, फोटोसाठी हाराच्या चौकटी. सगळी उघडली होती. म्हणजे सगळी वाचली असणार.

दुसऱ्या दिवशी तीच ओळ पुन्हा, हिंदीत. आणि तिसऱ्या दिवशी, 'मी मरतो आहे हे बायकोला कसे सांगावे'. 'बायकोले' नाही, 'बायकोला'. 'कसं' नाही, 'कसे'. वहीत चुकलेली ओळ पुन्हा काढावी तशी. या वेळी ब्राउझरनं उत्तर दिलं होतं, आपण एकटे नाही, जिवाचं बरंवाईट करू नका, मदत उपलब्ध आहे. त्यानंतर त्यांनी काहीच विचारलं नव्हतं.

मी तिथेच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. ती तिसरी ओळ कोणी शिकवली होती, ते मला पक्कं माहीत होतं.

आमचं लग्न ऐंशीच्या दशकातलं. मला नुकतीच पंढुर्ण्याच्या मराठी शाळेत नोकरी लागली होती, सावरगावच्या पुलाकडे खोली घेऊन राहायचे. हे सौंसरला. घरी फोन असण्याचा प्रश्नच नव्हता. हे एसटीच्या नाही, आमच्या इकडच्या प्रायव्हेट बसच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी द्यायचे. 'शनिवारी येऊन राहिलो. वांगे घेऊन येऊन राहिलो.' मी मजुराची पोरगी, घरात पहिली शिकलेली. शाळेत मास्तरांच्या खोलीत बसायला खुर्ची मिळाली होती ती शुद्ध बोलण्यावर, असं मला वाटायचं. पोरांच्या वहीत 'करून राहिलो' दिसलं की मी लाल गोल करायचे. यांच्या चिठ्ठीतही केला. 'राहिलो'वर गोल, बाजूला 'येतो आहे', आणि तीच चिठ्ठी त्याच कंडक्टरजवळ परत. गंमत म्हणून. दुसरी चिठ्ठीही तशीच परत पाठवली. तिसरीही. ते आले की हसायचे, मास्तरीणबाई म्हणायचे. चौथी चिठ्ठी आली नाही. कंडक्टर तोंडी निरोप सांगायला लागला. त्यानंतर अख्ख्या संसारात यांनी मला एक ओळ लिहून दिली नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मुलीला फोन करावा असं वाटलं, पण तो फोनच माझ्या हातात होता आणि त्यात ते पान उघडं. मग मी यांच्या ब्राउझरच्या शोधायच्या चौकटीत बोट ठेवलं. तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती. मी लिहिलं, 'मले मालूम आहे. बोला.' 'मले' मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं. खाली काय काय आलं ते बघितलं नाही. फोन त्यांच्या उशीशी ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेले.

संध्याकाळी त्यांनी फोन हातात घेतला नाही. वंदना झाली, दोन घास पेज घेतली, झोपले. मी सारखी त्यांच्या हातांकडे बघत होते. मनात आलं, आपणच जाऊन पुसून टाकावं, अजून वेळ आहे. मी उठलेही एकदा. पण पुसायचं माझ्यानं झालं नाही.

सकाळी ऊन खाटेवर आलं तेव्हा ते बसले होते, पाठीशी उशी, चष्मा लावलेला. भाव बघत असावेत. नवीन काही शोधायला चौकटीवर बोट ठेवलं की आधी विचारलेलं खाली उतरतं. त्यांचं बोट थांबलेलं मला चुलीपासून दिसलं. बराच वेळ ते वाचत होते, ओळ तर एवढीशी.

मग त्यांनी चष्मा काढला आणि मला हाक मारली. मी जाऊन खाटेच्या कडेला बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हटलं, "मी मरतो आहे." आणि मग माझ्याकडे बघून, "बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. तीस वर्षं वह्या तपासायच्या सवयीनं ते तोंडातून निघून गेलं, आणि आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी मला स्वतःची लाज वाटली. मी त्यांचा हात धरला. हात कोरडा आणि हलका झाला होता. म्हटलं, मले दिवाळीपासून माहीत होतं. डॉक्टरनं बाहेर बोलावून सांगितलं तेव्हापासून.

"मले बी तेव्हापासूनच," ते म्हणाले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं झालं असतं. बोटांच्या पेरांवर त्यांनी महिने मोजले, मीटर वाचताना जसे ओठ हलवत मोजायचे तसे, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी.

"चार महिने फुकट गेले ना वं आपले," ते म्हणाले.

त्यानंतर ते एकोणीस दिवस जगले. त्यातले शेवटचे सहा दिवस त्यांना बोलता येत नव्हतं.