किती वर्षं ओढताय?

आमच्या दवाखान्यात किस्से धुळीसारखे साचतात. आज पुसले तरी उद्या तेवढेच! रत्नागिरीत छातीच्या डॉक्टरांकडे मी फुंकायचं मशीन चालवतो. पेशंटने नळीत जोरात फुंकायचं, मशीन फुप्फुसाचा आकडा सांगतं. आकडा कमी आला की मी विचारतो, "किती वर्षं ओढताय?" उत्तर ठरलेलं: "छे, कधीच नाही!" माझंही ठरलेलं: "सगळे असंच म्हणतात." आपला कुणावर विश्वास नाही.

*

एकदा चिरेखाणीवरचे एक काका बायकोला घेऊन आले. मी नळी पुढे केली, म्हटलं, "फुंका!"

काका ताडकन उठले. "बायकोदेखत काय बोलताव? मी विडीला हात लावलेला नाय!"

काकूंना संशय आलाच. तिथल्या तिथे त्यांनी काकांचे खिसे उलटे केले. विडी नाही, रुमाल निघाला. जांभ्या चिऱ्याच्या धुळीने लालभडक.

"ह्यो बघ," काका खोकत म्हणाले, "ही धूळ ओढतंय मी, दिवसभर!"

*

मग एक आजी. रिपोर्ट थेट विडीवाल्याचा!

"आजी, ओढता?"

"ओढत नाय रे बाबा, फुंकते."

वा! एक तरी खरं बोलणारं माणूस भेटलं. "किती वर्षं?"

"लगीन झाल्यापासना. रोज दोन येळा."

मी फॉर्मवर 'विडी' लिहून मोकळा. आजी अजून नळी निरखत होत्या. "तुमची फुंकणी लय नाजूक हाय रे. चुलीपाशी टिकायची नाय!"

खाडाखोड केली. मग चुलीसाठी फॉर्मवर रकाना शोधला, तो नव्हताच.

*

हातखंब्याला हायवेच्या कडेला एकाची चहाची टपरी आहे. डॉक्टरांनी त्याला लिहून दिलं, 'धुळीपासून लांब राहा.' त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "मग डॉक्टर, हायवे कधी हलवताय?"

मला हसू आवरेना. मीही हातखंब्याचाच, रोज तीच धूळ खात बाइकवरून येतो. हसता हसता ठसका लागला, तो बराच वेळ थांबला नाही.

*

गेल्या महिन्यात मशीन तपासायला कोल्हापूरहून मेकॅनिक आला. म्हणाला, "कुणातरी निरोगी माणसाने फुंका." मी पुढे! आपल्याला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.

आकडा कमी आला.

"मशीन बिघडलंय!" मी म्हटलं. पुन्हा फुंकलं, तितकाच. तिसऱ्यांदाही तितकाच. मेकॅनिकने फुंकलं, ठणठणीत. डॉक्टरांनी फुंकलं, ठणठणीत. खरं सांगतो, घाबरलो.

डॉक्टरांनी मेकॅनिकला चहाला पाठवलं आणि दार लोटलं. "किती वर्षं ओढतोस?"

"शपथ, डॉक्टर, कधीच नाही!"

डॉक्टर हसले नाहीत. फॉर्म पुढे घेत म्हणाले, "सगळे असंच म्हणतात."