वीस मिनिटं, काकू

युरोपातल्या एका थीम पार्कच्या रांगा आमचे शेजारी इथे अमेरिकेत, एडिसनमधल्या घराच्या बेसमेंटमध्ये बसून सांभाळतात. कुठल्या राइडला किती वेळ थांबावं लागेल, हे तिथल्या बोर्डावर यांचं सॉफ्टवेअर दाखवतं.

"नेहमी जास्तच सांगायचं, यार. नंबर लवकर लागला की पब्लिक खूश," हे ते न विचारता ऐकवतात. "आणि रांगेला वळणं द्यायची. किती लोक पुढे आहेत ते दिसलं नाही, की कुणी कटकट करत नाही." बोलताना नजर आपल्यावर नसते, आपल्या मागच्या गर्दीवर असते.

मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाची रांग अर्थात त्यांच्याकडेच. यंदा शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी दोऱ्या बांधून अशी वळणं काढली, की मसालेभाताचा नुसता वास यायचा. देणगीदारांची रांग मात्र वेगळी आणि सरळसोट.

साध्या रांगेत माझ्यापुढे त्यांची आई होती, नागपूरहून आलेली. गुडघा चोळत तिने विचारलं, "अजून किती वेळ रे?"

टॅबलेटवरून मान वर न करता ते म्हणाले, "वीस मिनिटं, काकू. प्लीज, लाइन सोडू नका."

मी तोंड उघडणार, तोच तिने माझा हात दाबला. "राहू द्या हो. कामात आहे तो."

दहाच मिनिटांत तिचा नंबर लागला. त्यांच्या हिशेबाने ती खूश असणार.