कुंडी ओली, उंट कोरडा

माझ्या धाकट्या भावाला साइटवर सगळे उंट म्हणतात आणि त्याला त्याचा अभिमान आहे. दुसऱ्या कुणाला उंट म्हटलं तर माणूस चिडेल, निदान तोंड तरी वाकडं करेल. हा नाही. हा संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगतो, "आजपण एक थेंब नाही," आणि ती बिचारी त्याने बक्षीस आणल्यासारखी हसते. खालच्या मजल्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे, जिन्यातलं सगळं मला ऐकू येतं. मशीन थांबवून मी कपाळावर हात मारून घेते आणि पुन्हा शिवायला लागते.

तो टॉवर क्रेन चालवतो. इमारत वाढते तशी क्रेनही वाढते. तिच्या मानेशी काचेची एवढीशी केबिन असते. सकाळी शिडी चढून हा तिच्यात जाऊन बसतो तो काम सुटल्यावरच खाली येतो. काम फार चांगलं करतो, ते मी नाकारत नाही. लोखंडाचा भारा असा अलगद टेकवतो, की खाली उभ्या माणसाच्या बुटावर धूळसुद्धा उडत नाही. पण वर संडास नाही. बाकीचे ऑपरेटर सोबत रिकामी बाटली नेतात. याला ते घाण वाटतं. "केबिन म्हणजे माझं घर आहे," म्हणतो. बरं, मग उतर ना बाबा खाली! तर तेही नाही. कारण त्या साइटवर एक मूर्ख रीत आहे. ऑपरेटर मधेच शिडीवर दिसला, की गवंड्यापासून सुतारापर्यंत सगळे हातातलं काम टाकून शिट्ट्या मारतात. तो खाली उतरून संडासाच्या दारात शिरेपर्यंत मारतात. एकदा, नवा असताना, याने त्या ऐकल्या. तेव्हापासून याने ठरवलं, की प्यायचंच नाही, म्हणजे उतरायला नको.

मी बोलून बोलून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. दुपारच्या सुट्टीत मी फोन करते, तर फोनमध्ये वारा घुमत असतो, त्यावरून कळतं की स्वारी वरच आहे.

"पाणी प्यायलास?"

"प्यायलो गं ताई."

"खोटं बोलतोस."

"मग विचारतेस कशाला?"

उंटावरून शेळ्या हाकणारे लोक मी पाहिलेत, पण हा स्वतःच उंट आणि स्वतःच वर बसलेला!

तर मागच्या उन्हाळ्यात काय झालं, ते सांगते. शनिवारी साइटवर कुणाच्या तरी निरोपाचं जेवण होतं. अन्न उन्हात राहिलेलं असणार, कारण निम्म्या लोकांची पोटं बिघडली. आमच्या शहाण्याचंही बिघडलं. रात्रीपासून जुलाब, वर उलट्या. बाकीचे पाणी पीत, मीठ-साखर घेत पडून राहिले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठले. याचं डोकं मात्र वेगळं चाललं. सोमवारी छपराच्या मोठ्या लोखंडी तुळया वर चढवायच्या होत्या. ते काम याच्याशिवाय कुणाला जमणार नाही, असं याचं ठाम मत. आणि पोट असं असताना वर बसायचं कसं? म्हणून याने हिशेब मांडला: आत काही गेलंच नाही, तर बाहेर काय येणार? रविवारभर टाकी कोरडी करायची आणि सोमवारी वर जायचं.

रविवारी मी मुलीकडे गेले होते. संध्याकाळी परतले, तर भावजय जिन्यातच भेटली.

"ताई, त्यांचं पोट बिघडलं होतं. पण आता थांबलं बरं का. झोपलेत."

"पाणी पितोय ना?"

"हो तर! मी ग्लास भरून ठेवते, थोड्या वेळाने बघते तर रिकामा."

म्हटलं, चला, निदान आजारपणात तरी अक्कल आली. आणि निवांत झोपले.

सोमवारी सकाळी वरून पावलांचा आवाज येत होता, पण तो नेहमीचा नव्हता. दोन पावलं, मग थांबणं, मग काहीतरी आपटणं. मी वर गेले. हा पलंगाच्या कडेला बसून उजवा बूट डाव्या पायात घालत होता. घालत होता, काढत होता, पुन्हा तोच घालत होता. मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. डोळे खोबणीत गेलेले, ओठांवर पापुद्रे, गालांची हाडं वर आलेली. एका दिवसात माणूस असा म्हातारा होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"अरे, काय झालंय तुला?"

तो म्हणाला, "हूक खाली आलाय का? भार किती आहे?"

जीभ टाळूला चिकटत होती, शब्द नीट सुटत नव्हते. मी त्याची बहीण आहे हे त्याला कळत नव्हतं, तो मला साइटवरचा माणूस समजत होता. हात हातात घेतला तर गार. खोलीत मी आणि भावजय घामाने भिजलेल्या आणि याच्या अंगावर घामाचा टिपूस नाही. मनगटावर नाडी धडधडत होती, पण इतकी बारीक, की बोट जरा दाबलं तरी हरवायची.

माझी मुलगी तान्ही असताना अशीच आजारी पडली होती. तेव्हा डॉक्टरांनी तिच्या पोटाच्या कातडीची चिमटी धरून मला दाखवली होती: अंगातलं पाणी आटलं, की ती लगेच खाली बसत नाही. ती आठवण झाली, म्हणून मी याचा सदरा वर करून पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. जाड कापडाला बोटांनी घडी घालून सोडावी ना, तशी. मग अगदी सावकाश खाली बसली. कापडाचं ठीक आहे, पण माणसाची कातडी अशी राहता कामा नये.

"लघवीला कधी गेला होता हा?" मी भावजयीला विचारलं.

"काल... काल दुपारी? नाही, सकाळी असेल. पण ताई, जुलाब तर थांबलेत!"

"अगं, थांबणारच! आत उरलंय काय बाहेर यायला?"

"पण ते पाणी पीत होते हो!"

तेवढ्यात माझं लक्ष पलंगाशेजारच्या कुंडीकडे गेलं. खिडकीतलं ते मनीप्लांट एरवी मरायला टेकलेलं असतं. आज त्याची पानं तुकतुकीत होती, मातीचा चिखल झाला होता, खालची ताटली भरून पाणी फरशीवर आलं होतं. रविवारभर भावजयीने प्रेमाने भरलेले सगळे ग्लास या महाशयांनी कुंडीत ओतले होते. मला इतका संताप आला, की त्या क्षणी तो शुद्धीवर असता तर मीच त्याला झोडपलं असतं. भावजय कुंडीकडे पाहून रडायला लागली.

"कोपऱ्यावरचे डॉक्टर दहाला येतात," ती डोळे पुसत म्हणाली. "तेवढं थांबू या का?"

"एक क्षणसुद्धा नाही," मी म्हटलं.

मी चमच्याने मीठ-साखरेचं पाणी त्याच्या ओठांना लावलं. एक चमचा गेला, दुसरा उलटून बाहेर आला, आणि त्याचे डोळे मिटायला लागले. मग मी फोन करून अँब्युलन्स मागवली. काय सांगायचं ते मनात जुळवून घेतलं आणि एका दमात सांगितलं: परवापासून जुलाब-उलट्या, कालपासून लघवी नाही, बरळतोय, आता झोप अनावर होतेय. पलीकडच्या बाईंनी एकही फालतू प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, "कुशीवर झोपवा, गुंगीत असेपर्यंत तोंडात काही ओतू नका, दार उघडं ठेवा." कुणीतरी शहाणं माणूस भेटलं, याचाच मला आधार वाटला.

अँब्युलन्सची माणसं आली. जिना अरुंद, वळणावर स्ट्रेचर उभं करावं लागलं. तेवढ्यात याला जाग आली आणि हा म्हणतो, "सोडा मला, माझी शिफ्ट आहे." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते यालाच!

हॉस्पिटलात दारातच नर्सने त्याचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख पांढरंच राहिलं. तिने रांगेतल्या कुणाकडे न बघता स्ट्रेचर सरळ आत ढकललं. तिथे सुई लावायला शीर सापडेना. या हातावर टोचलं, त्या हातावर टोचलं, शिरा पार बसून गेलेल्या. शेवटी कोपराच्या खळीत एक मिळाली. एक जण सलाईनची पिशवी दोन्ही हातांनी दाबत उभा राहिला, दुसरीकडे रक्त काढून तपासायला पाठवलं. डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची होती, डोळे झोपेने तांबारलेले. तिने मला विचारलं, "याला पाणी का नाही दिलं तुम्ही?"

मी तिला कुंडीची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "दुपारपर्यंत घरी ठेवला असता, तर मूत्रपिंडं गेली असती. कदाचित तोही. अजून काही सांगता येत नाही. लघवी झाली, तर मूत्रपिंडं शाबूत आहेत असं समजू. तोवर वाट बघायची."

मग आम्ही दोघी बाकावर वाट बघत बसलो. कशाची, तर त्याने लघवी करायची! जी होऊ नये म्हणून याने अख्खी नोकरी तहानलेलं राहून काढली, तिच्यासाठी मी देवाला हात जोडत होते. पिशवी संपली, दुसरी लागली, तिसरी लागली. नर्स येऊन विचारायची, "झाली?" आम्ही नाही म्हणून मान हलवायचो. भावजयीने माझा हात धरला होता आणि मीही तो सोडला नाही. मला भीती वाटत होती. रागाच्या खाली सगळी भीतीच होती.

दुपारी साइटवरचा सिग्नलवाला आला. हा खालून वॉकीटॉकीवर बोलतो आणि त्याप्रमाणे माझा भाऊ वर दांडे हलवतो. हातात हेल्मेट, चेहरा उतरलेला.

"त्या तुळयांचं काय झालं हो?" मी विचारलं.

"कसल्या तुळया ताई? सकाळपासून वारा इतका आहे, की क्रेन बंदच ठेवली. आज कुणीच वर गेलं नाही."

मनात आलं ते बोलले असते, तर हॉस्पिटलातून बाहेर काढलं असतं मला.

चौथी पिशवी अर्धी झाली असेल. पडद्याआडून बारीक आवाज आला, "ताई..." मी धावले. डोळे उघडे होते आणि या खेपेला ते मला ओळखत होते. चेहऱ्यावर अशी लाज, जशी लहानपणी काच फोडल्यावर असायची.

"ताई, ते... भांडं दे ना. आणि तू बाहेर जा."

मी बाहेर आले आणि व्हरांड्यातच रडले. नर्सला सांगितलं तेव्हा तिने भांड्यातलं बघितलं. अगदी थोडी, गडद चहासारखी. तरी ती म्हणाली, "छान!" लघवीला छान म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. सिग्नलवाल्याने तिथूनच साइटवर फोन लावला आणि मोठ्याने सांगितलं, "झाली रे!"

तो काही दिवसांनी घरी आला, मग कामावरही गेला. डॉक्टरणीने बजावलं होतं, सिग्नलवाल्याने शपथ घातली होती, भावजयीने मनीप्लांट माझ्या दुकानात आणून ठेवलं होतं. पण माझा विश्वास नव्हता. जित्याची खोड औषधाने जात नाही.

पहिल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी फोन केला. वारा घुमेल म्हणून कान लावून बसले. वारा नव्हता. काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता आणि त्याच्यावरही वरताण अशा शिट्ट्या चालल्या होत्या, लांब, जोरात, जमेल तितक्या तोंडांनी.

"ऐकलंस?" तो ओरडून म्हणाला. "ऐकलंस ना? तुझ्यामुळे सगळी साइट हसतेय मला!"

"हसू दे," मी म्हटलं. "फोन ठेव आणि आधी जाऊन ये."