वर्गात आलेले माजी आमदार

श्री. दयाराम मढवी यांची आणि माझी ओळख करंजाडे येथील प्रौढ साक्षरता वर्गात झाली. वास्तविक त्यांचे नाव मी चाळीस वर्षे ऐकत होते. पाच निवडणुकांत मी त्यांना मत दिले. चार वेळा त्यांच्या चिन्हावर शिक्का मारला आणि पाचव्या वेळी बटण दाबले. मला चिन्ह ओळखता येत असे, नाव वाचता येत नसे. त्यामुळे त्यांना मी ओळखत होते असे म्हणावे की नाही, हे माझे मला ठरवता येत नाही.

माझे वय अडुसष्ट आहे. माझे सासर जासईच्या बाजूचे एक लहान गाव. मुलाने करंजाड्यात घर घेतले तेव्हा मी इकडे आले आणि सूनबाई शोभा हिने माझे नाव वर्गात घातले. वर्ग सोसायटीच्या सभागृहात दुपारी तीन ते पाच भरतो. आमच्या बाई सुमतीताई या निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही अकरा जण शिकत होतो. श्री. मढवी, ज्यांना सर्व लोक शेठ म्हणतात, हे बारावे.

मात्र ते बारावे आहेत हे आम्हांला पहिले दोन दिवस कळले नाही.

ते पहिल्या दिवशी रिक्षातून उतरले तेव्हा सर्व जण उठून उभे राहिले. माजी आमदार सभागृहात आले म्हणजे सत्कार करणे भागच होते. सुमतीताईंनी घाईघाईने शाल व नारळ मागवला. शेठना दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. ते साक्षरतेचे महत्त्व या विषयावर अर्धा तास फार उत्तम बोलले. आम्ही टाळ्या वाजवल्या. वेळ संपली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. पुन्हा शाल, पुन्हा नारळ, पुन्हा दोन शब्द. तिसऱ्या दिवशी बाईंनी आदल्या दिवशी खुर्चीवर विसरलेली शालच परत त्यांच्या खांद्यावर घातली. माझ्या शेजारी बसणारे कमरुद्दीनचाचा, ज्यांनी तीस वर्षे मस्कतमध्ये काढली, त्यांना हे सहन झाले नाही.

ते म्हणाले, "शेठ, गुस्ताखी माफ. तुमचा सत्कार करता करता आमची बाराखडी ख वरच अडकली. इन्शाल्ला, मरायच्या आधी ज्ञ पर्यंत पोचू द्या."

सर्व हसले. शेठ हसले नाहीत. ते व्यासपीठावरून उतरले आणि शेवटच्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी आपली कापडी पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत नवी पाटी होती. पाटीच्या कोपऱ्यावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. मी पाटीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले. जो मनुष्य चोवीस वर्षे विधानसभेत बसला, त्याला पाटी कशासाठी लागते, हे माझ्या ध्यानात येईना.

ते हळूच म्हणाले, "तुमी पोशाबायची सून ना? तल्याच्या काठावरलं घर?"

मी हो म्हणाले. माझी सासू वारल्याला एकोणीस वर्षे झाली होती. शेठची स्मरणशक्ती अशी होती.

त्यांच्या कारकिर्दीविषयी मी येथे थोडे लिहिते. ते मिठागरातल्या मजुराचे पुत्र. दुसऱ्या इयत्तेत शाळा सुटली आणि शिकलेले सर्व विसरले. सही तेवढी करता येई. रोज सकाळी त्यांच्या ओटीवर लोक अर्ज घेऊन येत. त्यांचे सचिव श्री. कृष्णकांत प्रधान अर्ज मोठ्याने वाचत आणि शेठ डोळे मिटून ऐकत. मग कचेरीत जाऊन तोच अर्ज शब्दाला शब्द लावून साहेबांसमोर म्हणत. विधानसभेतही ते कागद न घेता बोलत. यासाठी त्यांची ख्याती झाली. हातात कागद नसलेला एकमेव आमदार, असे लोक कौतुकाने म्हणत. त्यांना एकदा राज्यमंत्रिपद देऊ केले होते आणि त्यांनी ते नाकारले. त्यागाबद्दल गावोगावी सत्कार झाले. आमच्या गावीही झाला. मी ओवाळले होते.

त्याविषयी त्यांनी मला वर्गात सांगितले, "त्याग कसला, बाय. आमदारानं सही केली की भागतं. मंत्र्याला फायलीवर शेरा लिवावा लागतो."

"आणि शपथ? शपथ वाचावी लागते ना?"

"पाच येला पाठ केली. समोर कागद धरायचा, नजर खाली ठेवायची. कोनाला कललं नाय."

मला कौतुक वाटावे की राग यावा, हे त्या क्षणी कळले नाही. आजही कळलेले नाही.

त्यांची दुसरी ख्याती हळदीची. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवात आमदार आला नाही तर तो आमदार नव्हे. शेठ एका संध्याकाळी पाच-सहा हळदींना जात आणि प्रत्येक ठिकाणी म्हातारीला नावाने हाक मारून तिच्या हातची हळद गालाला लावून घेत. लोक त्यांना याच गोष्टीसाठी निवडून देत. मीही दिले.

आता तळ्याविषयी. आमच्या घरासमोर गावाचे तळे होते. गणपतींचे विसर्जन त्यात होई. जाळी त्याच्या काठावर वाळत. सत्तावीस वर्षांपूर्वी मारुतीच्या देवळात तळ्याच्या कागदावर गावाने अंगठे दिले आणि शेठनी सही केली. दोन वर्षांनी तळे भरून टाकले. आज तेथे कंटेनरच्या गाड्या उभ्या राहतात.

तळे भरू लागले तेव्हा शेठनी विधानसभेत मोठे भाषण केले होते. गावाने फटाके लावले होते. पण त्या भाषणाचा शेवट आम्हांला कोणी सांगितला नव्हता. तो शेठनी मला पाचव्या महिन्यात सांगितला, जेव्हा आम्ही दोघेही जोडाक्षरांशी झगडत होतो.

"मी बोलत होतो. समोरचा मंत्री उठला. कागद हलवून बोलला, माननीय सदस्यांचीच सही हाय यावर. कागद माज्याकडं पाठवला. सगले माज्याकडं बघतात. मी कागद हातात घेतला. सही माजी होती. वरती काय लिवलंय, मना कुठं कलतंय? मी खाली बसलो."

"मग प्रधानांना विचारलं नाही?"

"विचारलं ना. ते बोलले, साहेब, मी वाचलं तेच लिहिलेलं हाय. खरं की खोटं, मी कसं ठरवू?"

श्री. प्रधान दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची मुलगी रेवा हिने जुन्या कागदांची पेटी शेठकडे पोचवली. कागदाच्या त्या वेळी दोन प्रती केल्या होत्या आणि त्यांतील अंगठ्यांसह एक प्रत पेटीत होती. शेठ ती पिशवीत घालून वर्गात आणत होते. आपण स्वतःच्या सहीने तळे देऊन टाकले की आपल्याला फसवले, हे त्यांना मरण्यापूर्वी कळायला हवे होते. आणि ते स्वतःच्या डोळ्यांनीच कळायला हवे होते.

मी म्हणाले, "माझ्या मुलाला द्या. क्षणात वाचून देईल."

"त्यो सांगंल ते परत ऐकायचं? जल्मभर ऐकलंच की, बाय."

म्हणून त्यांनी कोणालाही वाचू दिले नाही. सुमतीताईंनाही नाही. मला मात्र त्यांनी परवानगी दिली, कारण मी त्यांच्याइतकीच हळू वाचत होते.

आठव्या महिन्यात, एका मंगळवारी, वर्ग सुटल्यावर आम्ही कागद बाकावर पसरला. कमरुद्दीनचाचा सतरंजी गुंडाळत तेथेच राहिले. शेठनी बोट ठेवले आणि पहिला परिच्छेद वाचला. त्यास बराच वेळ लागला. गावच्या तळ्यातील गाळ काढून काठ बांधण्यात यावा व तळ्याची सुधारणा करण्यात यावी, असे त्यात होते.

"हेच," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज मोठा झाला. "प्रधानांनी हेच वाचलेलं. सुधारना. मना आठवतंय."

मलाही आठवत होते.

मग दुसरा परिच्छेद मी वाचला. सुधारणा एका वर्षात न झाल्यास तळ्याची जागा अन्य सार्वजनिक कामासाठी वापरण्यास गावाची व लोकप्रतिनिधींची हरकत नाही. मी दोनदा वाचला, कारण प्रथम माझा विश्वास बसला नाही.

"म्हणजे बनवलं त्यांनी," चाचा म्हणाले. "अर्धंच वाचलं. तौबा."

शेठ अंगठ्यांच्या ओळी पाहत होते. जांभळ्या शाईचे एक्केचाळीस अंगठे आणि प्रत्येकासमोर नाव. त्यांतील नऊ-दहा अंगठ्यांच्या कडा पिवळ्या होत्या. मी बोट फिरवत गेले आणि एका पिवळ्या कडेसमोर माझे नाव वाचले. भामा. ती हळद होती. सत्तावीस वर्षांत फिकी झालेली, पण हळदच.

तेव्हा मला ती संध्याकाळ आठवली. माझ्या पुतण्याची हळद होती. मांडवात बेंजो सुरू झाला होता. आम्ही बायका हळद कुटून तशाच देवळात आलो होतो. श्री. प्रधान वाचत होते. ते थांबले नव्हते. त्यांना थांबवले गेले होते. कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "पुरे झालं वाचन, हळदीला उशीर होतोय." आणि सर्व जण उठून शाईच्या डबीकडे गेले.

"त्यो मी बोललो," शेठ म्हणाले. "त्या दिवशी मना पाच हळदी होत्या."

"नाही शेठ. मला वाटते, मी बोलले. पुतण्या माझा होता."

"तुमी सगल्यांनी अंगठे दिले म्हनून मी सही केली."

"आणि तुमची सही होणार म्हणून आम्ही अंगठे दिले."

चाचांनी सतरंजी खाली ठेवली. "या अल्ला, भांडता कसले? दोघं मिळून वाटून घ्या," असे म्हणून ते बाहेर गेले.

ते शब्द माझे होते की शेठचे, याचा मी अनेक दिवस विचार केला. कधी मला माझा आवाज ऐकू येतो, कधी त्यांचा. श्री. प्रधानांना मी मनातल्या मनात पंचवीस वर्षे शिव्या दिल्या होत्या. त्या आता कोणाकडे वळवाव्यात, हे कळत नाही.

पुढच्या रविवारी शेठनी त्याच मारुतीच्या देवळात गाव बोलावला. पहिला परिच्छेद त्यांनी स्वतः वाचला. ते अडखळू लागले तशी लोकांत कुजबुज झाली. इतका मोठा माणूस असा वाचतो, हे कोणाला पटेना. दुसरा परिच्छेद मी वाचला. वाचन चालू असताना काही माणसे रागाने उठून गेली. एक बाई ओरडली, "आता वाचून तलं परत येनार हाय का?" सर्वांत विचित्र म्हणजे, वाचन संपल्यावर दोन जण शाल घेऊन पुढे आले आणि शेठच्या प्रामाणिकपणाचा सत्कार करू लागले. शेठनी ती शाल घडी करून मारुतीच्या पायरीवर ठेवली. त्यांना क्षमा झाली की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते अजून वर्गाला येतात. आता कोणी उठत नाही.

त्या रविवारी देवळात शिरण्यापूर्वी ते चपला काढताना थांबले होते. बाजूच्या घरी मांडव घातलेला होता आणि बेंजोवाले वाद्ये लावत होते. शेठनी तिकडे एकदा पाहिले, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले,

"भामाबाय, कोनी उठलं तरी थांबू नका. मी उठलो तरी नाय. शेवटपर्यंत वाचा."