काठीवाल्या संताचा चमचा

पहिला चमचा बायकोने घेतला, आयर्लंडमधल्या लिमरिकला. ती तिथे हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि मी शनिवारी डब्लिनहून गाडी काढून तिच्याकडे जायचो. जुन्या वस्तूंच्या दुकानात तिला तो दिसला. इंग्लंडमध्ये घडवलेला, चांदीचा, दांड्याच्या टोकाला दाढीवाला इवलासा संत, हातात किल्ली. दुकानातले आजोबा म्हणाले, हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. पूर्वी बाळाच्या बाप्तिस्म्याला असे चमचे भेट द्यायचे.

"म्हणजे आपल्या बारशातल्या वाटी-चमच्यासारखंच की," ती मला म्हणाली.

मग नादच लागला. सुट्टी मिळाली की आम्ही जुने बाजार पालथे घालायचो. कुणाच्या हातात प्याला, कुणाच्या हातात करवत. त्यावरून ती संत ओळखायला शिकली. तिला दिवस गेले तेव्हा आम्ही डब्लिनमधल्या सँट्रीत एकत्र राहायला लागलो होतो. "बाळाला रोज नव्या संताच्या हातून खिमट भरवीन," म्हणायची.

मुलगी जन्मली ती निष्प्राण. नर्सने तिला लोकरी टोपी घालून आमच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हवा तेवढा वेळ घ्या." बायको तिची बोटं निरखत राहिली. "नखं तुझ्यासारखी आहेत," म्हणाली.

एवढ्या लहान बाळाला आपल्यात पुरतात. पुण्याहून आईने ते फोनवर सांगितलं. दफनाला निघायच्या सकाळी बायकोने कपाट उघडून एक चमचा काढला. हातात काठी घेतलेला, वाटसरूंचा संत.

"हा तिच्यासोबत ठेवूया. एकटी कशी जाईल?"

एरवी ती देवधर्म फारसा मानत नाही. पेटीतल्या दुपट्याच्या घडीत तिने चमचा सरकवला, पण हात काही बाहेर घेईना. शेवटी मीच तिचा हात धरून बाहेर काढला.

काही आठवड्यांनी दुकानातल्या आजोबांचा फोन आला. आमच्याकडे नसलेला एक संत त्यांना मिळाला होता. "बाळ कसं आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"आमचाही एक गेला, जन्मताच," ते म्हणाले. "बायको अजून त्याच्या वाढदिवसाला केक करते."

मी बायकोला ते सांगितलं.

"त्यांनी नाव ठेवलं होतं का त्याचं?"

मी विचारलं नव्हतं.

"आपण आपल्या मुलीचं ठेवूया," ती म्हणाली. नाव तिने केव्हाच ठरवलेलं होतं. ते तिने पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं, आणि आम्ही दोघं रडलो.