घोड्यांचे पंख

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत नाना, माझे वडील, मला खांद्यावरून उतरवायचे ते थेट एखाद्या घोड्याच्या पायांपाशी. आजूबाजूला घोडे घेणारे लोक त्यांच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्या तपासत, कोणती शुभ, कोणती खोडीची यावर हुज्जत घालत असायचे. आम्हाला घ्यायचं काहीच नसायचं. गावी, कळसाडीला, आमच्याकडे बैल; घोडा कधीच नव्हता. तरी दत्तजयंतीला नाना यात्रेला निघायचेच, उसाची तोड अर्धी टाकून.

घोड्याच्या पुढच्या पायाला आतून, गुडघ्याच्या वर, बिनकेसांचा खरबरीत चट्टा असतो. नाना माझा तळवा तिथे टेकवायचे. म्हणायचे, आठे पंख व्हतात, इथे, बरोबर हाताखाली. पूर्वी सगळेच घोडे उडायचे म्हणे. लग्नाच्या वरातीतून नवरदेवाला घेऊन पार गुजरातेत उतरायचे आणि इकडे नवरी मांडवात ताटकळायची. म्हणून देवाने पंख कापले. घोड्याच्या घामाचा वास, पायांखालची धूळ आणि हाताखालचा तो गरम चट्टा. माझा पूर्ण विश्वास होता.

आता मी कॉलेजात शिकवतो. नाना लोणखेड्याला आमच्याकडेच असतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी जगभरातल्या अद्भुत प्राण्यांचं पुस्तक मोठ्याने वाचत होती. चीनचा पाऊस पाडणारा ड्रॅगन, गरुडाच्या डोक्याचा सिंह, ग्रीकांचा पंखवाला घोडा. खाटेवरून नाना म्हणाले, यात नवल कसलं, आपल्याकडे तर सगळ्याच घोड्यांना पंख होते. आणि त्यांनी तिला त्या चट्ट्याचं सांगितलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी वर्गात बोलतो तसाच बोललो.

"नाना, तिला भलतंसलतं सांगू नका. जाड कातडी असते ती नुसती. उद्या परीक्षेच्या पेपरात लिहून येईल."

ती हसली. नानाही हसले. पण त्यानंतर तिने गोष्ट मागितली की ते म्हणायचे, "तुन्हा बापले इचार." रागाने नाही, अगदी साधेपणाने. ते मला जास्त लागायचं. संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर दोन टोकांना बसायची. ही दरी मी पाडली होती, आणि माफी कशी मागायची ते मला कळत नव्हतं.

यंदा दत्तजयंतीला दोघांना घेऊन यात्रेला गेलो. नाना काठी टेकत घोड्यांच्या रांगेतून चालले. शेवटी एका पांढऱ्या घोडीच्या मालकाला विचारून मीच गुडघ्यावर बसलो आणि मुलीचा हात त्या चट्ट्यावर ठेवला. सांगितलं, इथे पंख होते. देवाला राग आला, त्याने कापले.

मागून नानांचा आवाज आला. "काय सांगी ऱ्हायना रे भाऊ? देवनी रागमा नही काप्यात. घोडीनी सोता दिधात."

मी वळून पाहिलं. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

"तिन्हं शिंगरू खालेच ऱ्हाये माय," ते नातीला सांगत होते, "त्याले उडता ये नही."

शिंगराजवळ खाली राहता यावं म्हणून घोडीने आपणहून पंख दिले, ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. मुलीने विचारलं, मग शिंगरू मोठं झाल्यावर घोडीने पंख परत का नाही मागितले?

नाना बसायला जागा शोधू लागले. मालकाने चाऱ्याची पेंढी पुढे सरकवली. मुलगी त्यांच्या शेजारी टेकली, आणि मीही तिथेच धुळीत बसून राहिलो.