एक भाकरी, भूम ते कुर्डुवाडी

मी जेवणारा माणूस होतो. ज्वारीच्या चार भाकरी, वर वाटीभर ठेचा, कांदा, आणि हे सगळं गाडी सुटायला दहा मिनिटं उरलेली असताना. आमचा मुलूख नव्या राज्यात येऊन दोन-चार वर्षं झाली होती आणि मी भूम-परंडा-कुर्डुवाडी या एसटीवर कंडक्टर होतो. दोन बाकांच्या मधून मी आडवा होऊन सरकायचो. म्हाताऱ्या बायका आधीच पाय वर घेऊन म्हणायच्या, "मास्तर, दमानं. पायाशी कोंबडी हाय."

मग त्या ठेच्यानं माझा सूड उगवला. पोटात आग पडायला लागली, तिकिटं फाडता फाडता मी दांडीला धरून वाकायला लागलो, आणि शेवटी सोलापूरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी माझं निम्म्याहून जास्त जठर कापून काढलं. मी शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, "तुमच्या पोटात आजवर घागर होती, आता पेला आहे. पेल्यात घागर ओतायची नाही." थोडं खा, दिवसातून सहा वेळा खा, घासाचं तोंडात पाणी होईपर्यंत चावा आणि तिखट विसरा, एवढंच त्यांचं सांगणं होतं. मी मान डोलावली. भुकेला मान डोलावता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

घरी आलो तर दोन चमचे पेज खाल्ली की पोट गच्च व्हायचं. डोळ्यांतली भूक मात्र तशीच. शेजारच्या घरात फोडणी पडली की मी भिंतीकडं बघत बसायचो. एकदा कुणीतरी प्रेमानं शिरा आणून दिला, मी जुन्या सवयीनं वाटी रिकामी केली आणि पाच मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, अंथरुणावर आडवा. शिऱ्यानं माणूस पाडलेला आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिला. कामावर हजर झालो तेव्हा खाकी विजार अंगावर ठरेना, आणि चामड्याच्या पिशवीचा पट्टा चांभाराकडून दोनदा आखूड करून घ्यावा लागला. बायको म्हणाली, "आता तरी गाडीत नीट उभं ऱ्हाता येईल तुमास्नी."

या सगळ्याची सवय झालीच असती. खरी अडचण माझ्या पोटाची नव्हती, आईच्या नवसाची होती.

मला तिकडं टेबलावर घेतलं तेव्हा आई इकडं अंगणात तुळजापूरकडं तोंड करून उभी राहिली होती आणि देवीला बोलून बसली होती, "माझं लेकरू एक आख्खी भाकरी खाईल, त्या दिशीच म्या भाकरी तोंडाला लावीन." डॉक्टरांनी तर मला सांगून ठेवलं होतं, की एका बैठकीला आख्खी भाकरी आता विसरा. पण आई त्यांच्या आधी बोलून गेली होती, आणि देवीपुढं डॉक्टर कोण?

आमच्याकडं भाकरी सोडणं म्हणजे जेवणच सोडणं. आई भगर, ताक आणि मूठभर शेंगांवर राहिली. दोन महिने निघाले. चौथ्या महिन्यात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या आणि आडावरून घरी येताना ती मधेच कुणाच्या तरी ओट्यावर टेकायला लागली. एक पाहुणे आले, त्यांनी एकदा माझ्याकडं आणि एकदा तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आपरेशन नेमकं कुणाचं झालं?" आम्ही सगळे हसलो. मला आतून फार भीती वाटत होती. ऑपरेशन माझं व्हायचं आणि त्यानं जायची ती, असं काही होतं की काय, हा विचार मला गाडीतसुद्धा सोडत नव्हता.

नवस मोडायचं नाव काढलं की ती म्हणायची, "मोडला तर तुझं टाकं उसवतील." टाके कधीच काढले होते, पण ते तिला पटवणारा अजून जन्मायचा होता.

बायकोनं एक युक्ती काढली. पुरीएवढी चिमुकली भाकरी थापून तिनं माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "घ्या आत्या, आख्खी भाकरी." आईनं ती तळहातावर घेतली, उलटीपालटी करून पाहिली. "ही भाकरी हाय व्हय? देवीला काय डोळं न्हाईत?" आणि ती गाईला देऊन टाकली.

मग मीच एक दिवस हट्टाला पेटलो. ताटाएवढी भाकरी दुधात कुस्करून बसलो आणि एका दमात संपवायचीच म्हटलं. पाऊण भाकरी गेली, तोवर कपाळावर घाम आणि पुढचं सगळं मोरीत. आई पाठ चोळत रडत होती. "नगं रं बाबा. म्या बिनभाकरीची मेले तरी चालंल, पर तू असा लोळू नगंस." दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा भगरच शिजवली.

दिवस असेच चालले होते आणि मला गाडीतच एक गोष्ट लक्षात आली. बायको डब्यात भाकरीचे तुकडे देत असे. भूमला एक, परंड्याला एक, कुर्डुवाडीला उतारू रेल्वेकडं पळाले की एक, असं करत करत संध्याकाळी डबा रिकामा होत होता. आणि ते तुकडे जोडले असते तर एक भाकरी सहज झाली असती. मी घरी येऊन आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "कुत्र्याला टाकत असशील."

"शपथ घेऊ?"

"शपथ कशाला? म्या सोता बघीन. म्या बोलले तवा किती येळात खायची ते बोलले न्हवते. पर येकच भाकरी, सकाळी माझ्या हातानं थापलेली. दुसरी न्हाय. आन् दिवस मावळायच्या आत."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीला आई फडक्यात भाकरी बांधून ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर येऊन बसली. त्याआधी ती कधी परंड्याच्या पुढं गेलेली नव्हती. मी तिकीट फाडलं तर म्हणाली, "आईला तिकीट?" मी म्हटलं, "देवीचं काम असलं तरी तिकीट पडतं." आमचे ड्रायव्हर चाचा आरशातून बघून गालात हसले.

गाडी सुटायच्या आत निम्म्या गाडीला नवस माहीत झाला होता आणि परंडा येईपर्यंत उरलेल्या निम्मीला. कुर्डुवाडीच्या बाजाराला निघालेले एक फेटेवाले आजोबा तर पंचच होऊन बसले. मी तुकडा मोडून तोंडात टाकला की ते माझ्या जबड्याकडं बघायचे. गाडीला दणका बसला, बोटाएवढा तुकडा खाली पडला. "त्यो बी धरायचा!" आजोबा ओरडले. आईनं तो उचलला, फुंकर मारली आणि माझ्या तोंडात घातला. सरकारी खाकीतला माणूस भरल्या गाडीत आईच्या हातनं भरवून घेत होता. घंटीची दोरी ओढायचंही मला सुचेना.

कुर्डुवाडीला निम्मी भाकरी संपली होती. तिथं ऊन फार होतं. आई झाडाखाली बसून ताक प्यायली, पण तिचा एक डोळा माझ्यावर होता आणि एक फडक्यावर. परतीच्या गाडीत आजोबाही होते. बाजार लवकर आटोपला म्हणाले, पण त्यांचं मिरचीचं गाठोडं तसंच्या तसं दिसत होतं. परंड्याला मी आणखी एक तुकडा खाल्ला आणि माझं पोट बंद झालं. एक घास जाईना. हातात तळहाताएवढा शेवटचा तुकडा, आणि खिडकीतून दिसणारा सूर्य खाली खाली चाललेला. आईनं एकदाही "खा" म्हटलं नाही. ती फक्त बाकाच्या दांडीला धरून बसली होती, आणि तिचं मनगट त्या दांडीपेक्षा बारीक दिसत होतं. ते बघून मला रडूच यायला लागलं.

भूम आता तासाभरावर होतं. चाचांनी आरशात माझा चेहरा पाहिला असावा. चढ संपल्यावर एका लिंबाच्या सावलीत त्यांनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. "मास्तर, तुम आराम से खाओ. गाडी कईं नै जाती."

कुणी कुरकुरलं नाही. कुणी घाईचं सांगितलं नाही. मी पायरीवर बसलो. वाऱ्यानं पोट जरा हलकं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, तुकड्याचा कण कण करून चावत राहिलो. शेवटचा घास गिळला तेव्हा सूर्य अजून डोंगरावर हातभर होता.

आई खाली उतरली. माझी हनुवटी धरून म्हणाली, "आ कर."

"आई, लोक बघतायत."

"आ कर म्हंते न्हवं?"

मी आ केला. तिनं आत वाकून पाहिलं, गालात बोटही फिरवलं. मग फडकं झटकून सगळ्या गाडीला दाखवलं. आजोबांनी फेटा सारखा केला आणि जाहीर केलं, "संपली!" गाडी हसून हसून हलायला लागली. चाचांनी तेवढ्यात हॉर्न वाजवला, आणि उशीर झाल्याचं कारण म्हणून वर काय सांगायचं याचा मी विचारही केला नाही.

घरी बायकोनं तव्यावर भाकरी टाकलीच होती. आई ताटावर बसली. मी समोर बसलो, कारण मला आज तिला खाताना बघायचं होतं. आमच्याकडं आई सगळ्यांच्या मागून, चुलीकडं तोंड करून जेवायची. तीस वर्षांचा झालो होतो, आणि माझी आई घास कसा चावते ते मी कधी पाहिलं नव्हतं.

तिनं तुळजापूरकडं हात जोडले, तुकडा मोडला आणि चावायला लागली. बराच वेळ चावत राहिली. तीन घास झाले, चौथ्याला ती थांबली. "बसंना रं आता," ती ओशाळून म्हणाली. एवढ्या महिन्यांत तिच्याही पोटाचा पेला झाला होता. पण मला वाटलं, तिला नीट चावताच येत नाही.

"आ कर," मी म्हटलं.

"चल, येडा कुठला."

"म्या भर गाडीत केला. तू घरात कर."

तिनं हसत आ केला. दिव्याच्या उजेडात मी पाहिलं. उजव्या बाजूच्या दाढा नव्हत्याच आणि डावीकडं दोनच उरल्या होत्या. कधी गेल्या? कुणाला दुखल्याचं सांगितलं होतं? मी बायकोकडं पाहिलं, तिनं मान खाली घातली. तिला माहीत होतं, मला नव्हतं.

उरलेली भाकरी आईनं माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "ही तुजी, सकाळच्याला."

दुसऱ्या दिवसापासून बायकोनं आम्हा दोघांना एकच ताट आणि एकच भाकरी मांडली. मी आणि आई समोरासमोर बसायचो, अर्धी अर्धी घ्यायचो, आणि दोघंही सावकाश चावायचो.